तीन मिनिटांची बाई

विधिमंडळाचं वरचं सभागृह तळमजल्यावर होतं आणि खालचं सभागृह त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. इमारत बांधणाऱ्याने चेष्टा केली की कुणी नकाशाच उलटा धरला, देव जाणे. नव्या माणसाला रस्ता सांगताना दारावरच्या पहारेकऱ्याच्या नाकी नऊ यायचे. "वरच्या सभागृहात जायचंय? मग खाली उतरा." हे ऐकत ऐकत बाई बारा वर्षं जिना चढत होती. अपक्ष सदस्यांच्या खोल्या चौथ्या मजल्यावर होत्या आणि लिफ्ट तिसऱ्यालाच थांबायची.

या बाईला सगळी इमारत 'तीन मिनिटांची बाई' म्हणायची. त्याचं असं होतं, की वरच्या सभागृहात बोलायचा वेळ पक्षांच्या डोक्यांप्रमाणे वाटतात. ज्या पक्षाची साठ डोकी त्याला तास-दीड तास, ज्याची दहा त्याला पंधरा मिनिटं. बाई ज्यांच्याकडे कामाला होती ते सर एकटेच, कुठल्याच पक्षाचे नाहीत. डोकं एक, आणि त्यावरही केस नाहीत. त्यांच्या वाट्याला तीन मिनिटं यायची. तीही कधी, तर सगळ्यांचं बोलून झाल्यावर, बाकं रिकामी पडल्यावर, लघुलेखक जांभया द्यायला लागल्यावर. अडीच मिनिटांना एक घंटा, तिसऱ्या मिनिटाला दुसरी, आणि त्यानंतर माईक बंद. मग बसा नुसते ओठ हलवत.

सर मूळचे हेडमास्तर. तीस वर्षं एका शाळेत घसा खरवडून झाल्यावर शिक्षकांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि ते चक्क निवडून आले. सगळ्यांत मोठा धक्का त्यांनाच बसला. बाई त्याच शाळेच्या कचेरीत टायपिस्ट होती. सर तिला म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्याबरोबर चला. मला तिथलं काही कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं, सर?"

"मग बरंच झालं. दोघं मिळून चुकू."

पहिलं वर्ष दोघं मिळून चुकले. सरांनी पहिल्या भाषणात आधी प्रास्ताविक केलं, मग पार्श्वभूमी सांगितली, आणि मुद्द्यावर यायला तोंड उघडलं तेवढ्यात माईक गेला. त्या दिवशी बाईने कानाला खडा लावला. मागणी पहिल्या वाक्यात. काय हवंय ते आधी बोलून टाकायचं, कारणं मागाहून. घंटा कधीही वाजो, मागणी नोंदीत गेलेली असली पाहिजे. भाषण तीनशे तीस शब्दांचं, आणि कुठल्याही परिच्छेदानंतर तोडलं तरी लंगडं पडणार नाही असं. असं लिहायला भल्याभल्यांना जमत नाही हो. मोठ्या पक्षांचे सदस्यसुद्धा चोरून तिच्याकडे यायचे. "बाई, मला आज पाचच मिनिटं दिलीत, जरा कापून द्या ना." बाई कापून द्यायची. शिवणकाम करणारी बाई जशी शेजारणीच्या पोराचा सदरा आखूड करून देते तशी, फुकट आणि कुरकुरत.

बारा वर्षांत म्हणजे सहा-सहा वर्षांच्या दोन मुदतींत सरांची चारशेबारा भाषणं झाली. प्रश्न अकराशेच्या वर. उत्तरं मात्र सगळी मिळून चारच. 'होय.' 'नाही.' 'प्रश्न उद्भवत नाही.' आणि चौथं, सगळ्यांत लाडकं, 'माहिती गोळा करण्यात येत आहे.' बाईच्या घरीदेखील हे अंगवळणी पडलं होतं. दूध आणलंस का गं, असं तिने धाकट्या बहिणीला विचारलं की धाकटी आतून ओरडायची, "माहिती गोळा करण्यात येत आहे!"

ही धाकटी बाईबरोबरच राहायची. दोन खोल्या, एक खिडकी, दोघी बहिणी. बाईने लग्न केलं नाही आणि धाकटीने केलेलं टिकलं नाही, त्यामुळे जागा पुरत होती. धाकटी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे कपडे, सगळं तिथे यायचं. गाठोडं सोडायचं, कपडे वेगळे करायचे, यंत्रात टाकायचे. सात वर्षांपूर्वी एका गाठोड्यात चादरीच्या घडीत कुणीतरी विसरलेली सुई निघाली. निघाली म्हणजे धाकटीच्या तळहातात घुसली. तिने हात धुतला, चिंधी बांधली आणि पाळी पूर्ण केली. काही महिन्यांनी डोळे पिवळे झाले. तपासणीत कळलं, की सुईवाटे आजार आत गेला आणि थेट लिव्हरवर जाऊन बसला.

आता हीच सुई नर्सला टोचली असती, तर त्याच दिवशी इंजेक्शन, रजा, औषधांचा कोर्स, सगळं हॉस्पिटलातून. पण धुलाईघर ठेकेदाराचं. हॉस्पिटल म्हणालं, "तुम्ही आमच्या कर्मचारी नाही." चादर हॉस्पिटलची, सुई हॉस्पिटलची, आजार हॉस्पिटलातला, आणि हात तेवढा ठेकेदाराचा! ठेकेदार तर फोनच उचलायचा नाही. कोर्स बाहेरून घेणं दोघी बहिणींच्या आवाक्यातलं नव्हतं.

तेव्हा धुलाईघरातल्या एकतीस बायकांनी सरांना एक पत्र लिहिलं. धुलाईघरातल्या बायकांना सुईच्या आजाराबाबत हॉस्पिटलचे कर्मचारी समजा, एवढीच मागणी. खाली एकतीस नावं, सतरावं धाकटीचं. पत्र बाईनेच लिहिलं होतं, घरी, जेवणाच्या टेबलावर बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पत्र चौथ्या मजल्यावर आलं, तेव्हा बाईने त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारला आणि जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय अशा चेहऱ्याने सरांपुढे ठेवलं. बहिणीचं काम सभागृहात घुसवलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. बाई या बाबतीत भारी कडक होती, नको तितकी.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. "पहिल्या वाक्यात मागणी आहे," ते म्हणाले, "छान लिहिलंय." आणि कामाला लागले.

सात वेळा प्रश्न विचारला. सात वेळा माहिती गोळा होत राहिली. मग सरांनी स्वतःचं विधेयक मांडलं. खासगी सदस्याचं विधेयक म्हणजे शुक्रवारी दुपारचं काम. सगळ्यांचं लक्ष परतीच्या गाडीकडे, आणि सभागृहात किमान पंचवीस माणसं हवीत, नाहीतर कामकाज बंद. सहा वर्षांत तीनदा विधेयकाची पाळी आली आणि तिन्ही वेळा वेळ संपली. चौथी पाळी आली ती या शेवटच्या अधिवेशनात, शेवटच्या शुक्रवारी. बाई आठवडाभर खोल्याखोल्यांतून फिरली. "फक्त बसा हो. बोलू नका, ऐकू नका, झोपलात तरी चालेल. पण बसा." ज्यांची भाषणं तिने कापून दिली होती त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. शुक्रवारी दुपारी बाईने वरच्या गॅलरीतून डोकी मोजली. चोवीस. पुन्हा मोजली. चोवीसच. पंचविसावा भला माणूस नातेवाइकाच्या लग्नाला निघून गेला होता. सत्ताधारी बाकावरचा एक जण शांतपणे उठला आणि म्हणाला, "सभापती महोदय, गणसंख्या नाही." संपलं. सदस्याची मुदत संपली की त्याचं विधेयकही त्याच्याबरोबर संपतं. सहा वर्षांच्या कामावर एका माणसाच्या बुडाने पाणी फिरवलं, कारण ते खुर्चीवर नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई जिन्यातच बसली. तिला कंटाळा आला होता, आणि तो त्या दिवसाचा नव्हता, बारा वर्षांचा साठलेला होता. घरी गेली तर धाकटीने विचारलं, "झालं?" आणि तिचा चेहरा बघून स्वतःच म्हणाली, "प्रश्न उद्भवत नाही. चल, जेव." धाकटी जेवणानंतर लगेच पडायची हल्ली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, वर्षाच्या आत औषधं सुरू झाली तर लिव्हर सावरेल, नंतर आम्हीही हात टेकू.

शनिवारी सकाळी कागद आवरायला येऊन ती पुन्हा जिन्यात बसली, तेव्हा वाट दाखवली ती नोंदीच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कारकुनाने. त्याला तिथे चाळीस वर्षं झाली होती, आणि भिंतींना माहीत नाहीत अशा गोष्टी त्याला माहीत होत्या. तो म्हणाला, "बाई, मंगळवारी निरोप आहे ना तुमच्या सरांचा? मग रडता काय. निरोपाच्या दिवशी जाणाऱ्याला मंत्री नाही म्हणत नाही. मी तरी म्हटलेलं पाहिलं नाही. मागे एकाने पायऱ्यांना कठडा मागितला, मिळाला. आणि मंत्री सभागृहात उभा राहून 'करू' म्हणाला की ते माझ्या आश्वासनांच्या रजिस्टरला चढतं. मग सदस्य जावो नाहीतर राहो, तीन-तीन महिन्यांनी खात्याला विचारत बसणारी समिती आहे."

"खरंच?"

"पण एक. त्या खात्याचा मंत्री समोर बसलेला पाहिजे. दुसरा कोणी असेल तर तो म्हणतो, 'संबंधितांना कळवतो.' आणि कळवतो म्हटलं की गेलं ते."

बाई उठलीच. आरोग्यमंत्र्यांच्या सहायकाला तिने पूर्वी तीन भाषणं कापून दिली होती. त्याला गाठून तिने शब्द घेतला, मंगळवारी साडेतीनला मंत्री सभागृहात असतील. सहा सदस्य निवृत्त होत होते, सरांचा नंबर शेवटचा. म्हणजे चारच्या आत काही येत नाही. सर जरा कुरकुरले. "निरोपाच्या भाषणात मागणी? बाई, शोभतं का ते? लोक आभार मानतात, गहिवरतात."

"तुम्ही मागून गहिवरा, सर. आधी मागा."

मग तिने भाषण लिहिलं. शनिवार-रविवार खपून लिहिलं. सोमवारी चौथ्या मजल्यावर घड्याळ लावून दोघांनी तालीम केली. दोन मिनिटं पंचावन्न सेकंद. मागणी पहिल्या वाक्यात. सर खूश झाले, बाई खूश झाली. "अगदी मापात," सर म्हणाले.

मंगळवारी साडेतीनला पाच कमी असताना बाई वरच्या गॅलरीत जाऊन बसली. फोन दारात जमा केला. गॅलरीचे नियम तिला तोंडपाठ होते: बोलायचं नाही, हसायचं नाही, खाली खुणा करायच्या नाहीत. नाहीतर पास जप्त आणि बाहेर. दारावर एक पहारेकरीण असायची, ती बाईकडे बघायचीसुद्धा नाही, इतकी बाई गुणी. खाली सर त्यांच्या जागेवर बसले होते. ती जागा शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. बारा वर्षं टीव्हीच्या कॅमेऱ्यात त्यांचं फक्त उजवं कोपर यायचं. धाकटी म्हणायची, "तुझ्या सरांचं कोपर आज फार छान बोललं." आत्ताही ती घरी टीव्ही लावून बसली असणार.

पहिले तीन जण दुपारीच बोलून गेले होते, चौथा बोलत होता. आणि बाईने पाहिलं, तर चौथ्याला भरून आलं. दोन वाक्यं, तिसऱ्याला हुंदका, आणि तो बसला. पाचव्याचं नाव पुकारलं तर तो आलाच नव्हता. सभापतींनी चष्मा वर केला आणि सरांचं नाव घेतलं. तीन वाजून अठ्ठावीस मिनिटं. आरोग्यमंत्र्यांची खुर्ची रिकामी.

बाईने दाराकडे पाहिलं, तिथेही कुणी नाही. पण तिने स्वतःला समजावलं, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, निरोपाचं भाषण आहे, निरोपाला घंटा नसते. अर्धा तास बोलतात लोक. सर सावकाश बोलतील.

सर उभे राहिले. कागद उलगडला. आणि सवयीने बाईची नजर मनगटावर गेली. त्या क्षणी तिला कळलं, आपण काय करून बसलो ते. घंटा नव्हती हे ठाऊक असूनही तिने तीनशे तीस शब्दच लिहिले होते. मागणी पहिल्याच वाक्यात टाकली होती. आणि त्या दोघा शहाण्यांपैकी एकालाही, घड्याळ लावून तालीम करतानासुद्धा, हे लक्षात आलं नव्हतं!

सरांनी पहिल्या वाक्यात मागणी केली. ऐकायला आरोग्यमंत्री नव्हते. सर पुढे वाचत गेले, नेहमीच्या चालीने. समोरच्या बाकावरचे दोघे-तिघे ज्येष्ठ मंत्री कौतुकाने हसत होते, की आज म्हाताऱ्याला मनसोक्त बोलू दे. बाई पुटपुटत होती, हळू हो, सर, हळू. दोन मिनिटं. अडीच. घंटा वाजली नाही, तरी सरांनी बरोबर तिथे आवाज चढवला. दोन मिनिटं पंचावन्न. सरांनी "धन्यवाद" म्हटलं, कागदाची घडी केली आणि बसले.

सभागृहात कुणाला काही समजेना. सभापतींनी विचारलं, "झालं?" एका मंत्र्याने समोरचा कागद ओढला आणि उठायची तयारी केली. त्याचं वाक्य बाईला इथूनच ऐकू येत होतं, संबंधितांना कळवतो. खालच्या दारापाशी आरोग्यमंत्र्यांचा सहायक दिसला, मागे अजून कुणी नाही. तो बोटाने खूण करत होता, येतायत, जिन्यात आहेत.

बाईला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही, की तिने ते केलं कसं. बारा वर्षांत जी गॅलरीत खोकली नव्हती, ती ताडकन उभी राहिली आणि कठड्याला धरून ओरडली, "सर, घंटा नाही!"

सगळं सभागृह वर बघायला लागलं. सरही. खांबाच्या कडेने त्यांचा चेहरा तिला क्षणभर दिसला, शाळेतल्या मुलाचा दिसावा तसा गोंधळलेला. तोवर पहारेकरणीने तिचा दंड धरला होता.

"अहो बाई, तुम्ही?" पहारेकरीण तिला बाहेर नेता नेता म्हणाली. तिचं तोंड इतकं पडलं होतं, की शिक्षा तिलाच झालीय असं वाटावं. "आता पास जप्त करावा लागेल मला."

"कर गं. संध्याकाळी संपणारच होता."

तिला गॅलरीबाहेरच्या बाकावर बसवलं. दार जाड होतं. आतलं काही म्हणजे काही ऐकू येईना. बाईने भिंतीवरचं घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि खाली जमिनीच्या फरशा मोजल्या, त्याही दोनदा चुकल्या. तिला रडू येत होतं, आणि रागही येत होता, स्वतःचा. लोकांची भाषणं आखूड करता करता आपण आपल्या बहिणीचं एकुलतं एक भाषण आखूड करून ठेवलं. कुणाला सांगणार हे? घरी जाऊन धाकटीला काय सांगणार? माझं माप चुकलं म्हणून?

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं आणि आधी म्हातारा कारकून बाहेर आला. तो कधी टेबल सोडून उठत नसे. त्याच्या हातात रजिस्टर होतं. ते त्याने बाईपुढे उघडं धरलं, शाई अजून ओली होती. 'धुलाईघरातील कामगारांना सुईच्या आजाराबाबत हॉस्पिटलचे कर्मचारी मानण्याचा आदेश तीन महिन्यांत काढू. आरोग्यमंत्री, सभागृहात.' पुढे क्रमांक.

"चढलं," कारकून म्हणाला आणि परत आत गेला.

बाईने मनात हिशेब केला. तीन महिन्यांचे सहा होतील, सरकारच ते. सहाचे आठ होतील. तरी वर्षात बसतं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती खरोखर रडली, नाक लाल होईपर्यंत.

सर आले. दमलेले, कपाळावर घाम, चष्मा हातात. तिच्या शेजारी बाकावर बसले.

"किती मिनिटं झाली हो बाई?"

"मोजली नाहीत, सर. मी बाहेर होते."

"हं." सरांनी चष्मा पुसला. "नोंदीत 'गॅलरीत व्यत्यय' एवढंच येईल. बारा वर्षांत तुमचं पहिलंच भाषण, आणि तेही तीन शब्दांचं. पण मागणी पहिल्या वाक्यात होती."

बाईला हसू फुटलं, रडता रडताच. "तुम्ही बोललात काय पण? कागद तर संपला होता."

"संपलाच होता. मग ते पत्र आठवलं. खालची नावं मला पाठ आहेत, सहा वर्षं वाचतोय. हेडमास्तर माणूस, काही सुचलं नाही की हजेरी घेतो. मंत्री चौथ्या नावाला आत आले. मध्ये थांबवणार कसे, निरोप होता ना. नावं संपल्यावर मागणी पुन्हा केली, या वेळी शेवटच्या वाक्यात." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सतराव्या नावाला मला जरा त्रास झाला. बहीण ना ती तुमची?"

बाईने मान खाली घातली. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्या सगळ्या बायका एकदा भेटायला आल्या होत्या, आठवतं? तीस जणी तुम्हाला ताई, ताई करत होत्या. एकटी ती तुम्हाला 'मॅडम' म्हणाली. तिथेच कळलं." सर उठले. "शिवाय पत्र तुमच्या अक्षरात होतं. मी काय आंधळा आहे?"

ते जिन्याकडे गेले. चौथ्या मजल्यावरची खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करायची होती, पुठ्ठ्याची सात खोकी अजून तशीच उघडी पडली होती. बाईने पहारेकरणीकडून फोन परत घेतला. धाकटीचे नऊ फोन येऊन गेले होते. तिने लावला, तर अर्ध्या घंटीतच उचलला.

"ताई! अगं तू ओरडलीस ना? मी आवाज ओळखला. कोण आहे ही बाई म्हणून टीव्हीवाला विचारत होता."

"मला बाहेर काढलं. मी पुढचं काही पाहिलं नाही."

"काहीच नाही?" धाकटीचा आवाज बदलला. "अगं, ते खांबाच्या बाहेर आले. पहिल्यांदा अख्खे दिसले. हातात कागद नाही, काही नाही. म्हणाले, मी आता हजेरी घेतो. आणि आमची नावं घ्यायला लागले, पहिलीपासून. एक नाव घ्यायचे आणि थांबायचे, शाळेत थांबतात ना, तसे. आपल्या त्या दोघी गेल्या ना गं, त्यांच्या नावाला जरा जास्तच थांबले. कुणी हू की चू केलं नाही."

"मग?"

"मग माझं नाव आलं."

बाईने फोन कानाशी घट्ट धरला.

"मी 'हजर' म्हटलं, ताई," धाकटी म्हणाली. "उठून उभी राहून म्हटलं. घरात कुणी नव्हतं."